आज गाडी नाही

नेरळ स्टेशनात मुंबई-कर्जत मार्गाच्या शेजारीच माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ आहेत. दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचे अंतर असलेला हा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. दरवर्षी जूनच्या मध्याच्या सुमारास नेरळ ते अमन लॉज हा टप्पा पावसाळ्यासाठी बंद होतो आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा सुरू होतो. त्याचे नेरळकरांना काहीच वाटत नाही, कारण ते बंद होणे हासुद्धा वेळापत्रकाचाच एक भाग आहे. २६ जुलै २००५ ची गोष्ट निराळी होती. त्या अतिवृष्टीत मार्गाची वाताहत झाली आणि गाडी पुन्हा धावायला २००७ साल उजाडले. वरवर पाहता दोन्ही वेळी घडले ते एकच : आज गाडी नाही. पण पहिला बदल सांगून येतो, दुसरा न सांगता आला. आपल्या मनाला या दोहोंतला फरक सहज कळतो.

आता अशा एका मुलाची कल्पना करू या, की ज्याला दिवसभरातला जवळजवळ प्रत्येक बदल न सांगता आलेला वाटतो. तो आठ-नऊ वर्षांचा आहे. रोज आईचा हात धरून एकाच रस्त्याने शाळेत जातो. एके सकाळी त्या रस्त्यावर खोदकाम निघते आणि आई शेजारच्या गल्लीतून वळसा घेते. मुलगा जागच्या जागी बसकण मारतो, कानांवर हात घट्ट दाबून ओरडू लागतो. भोवती माणसे जमतात. कोणी म्हणते, ‘लाडावून ठेवलाय.’ कोणी म्हणते, ‘दोन ठेवून द्या, ताई.’ आईला यातले काहीच नवीन नसते.

हा मुलगा काल्पनिक आहे. पण स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुले ज्या घरांत आहेत त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अशा प्रसंगांसाठी पालकांनाच वर्तनोपचाराचे शिक्षण द्यावे, म्हणजे ते घरच्या घरी मुलाला बदलाची सवय लावू शकतील, हा विचार अलीकडे आपल्याकडेही रुजू लागला आहे. विचार चांगला आहे. पण चांगला विचारही तपासून घ्यावा लागतो. त्याचा पुरावा किती, त्यात नेमके काय मोजले जाते आणि त्याचा भार कोणाच्या डोक्यावर येतो, हे या लेखात पाहायचे आहे.

तेच ते का हवे?

बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्वमग्नतेच्या अभ्यासाची सुरुवात सामान्यतः तेथून धरतात. या मुलांना भोवतालच्या वस्तू, क्रम, रस्ते, शब्द जसेच्या तसे राहावेत अशी चिंतायुक्त ओढ असते, हे कॅनर यांनी तेव्हाच नोंदवले होते. २०१३ सालच्या अमेरिकन निदानपुस्तिकेतही ‘तेच ते असण्याचा आग्रह’ हे स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक म्हणून दिलेले आहे.

हा आग्रह का असतो याचे निर्णायक उत्तर अजून मिळालेले नाही. एक गृहीतक मात्र शिक्षकांना विचार करायला लावील असे आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पवन सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असे मांडले, की स्वमग्नतेच्या मुळाशी अंदाज बांधण्यातली अडचण असू शकेल. आपला मेंदू क्षणोक्षणी पुढचा अंदाज बांधत असतो. घंटेनंतर गलका होणार, ढग दाटले की पाऊस येणार, बाईंनी पुस्तक मिटले की तास संपणार. हे अंदाज जर नीट बांधता येत नसतील, तर सारे जग अचानक अंगावर येणारे होईल. मग जे रोज तसेच घडते त्याला घट्ट धरून ठेवणे हा हट्ट राहत नाही. तो आधार ठरतो. हे गृहीतक पुढे टिकेल किंवा बदलेल, पण एक गोष्ट ते आताच शिकवते. रस्त्यात बसलेला मुलगा आईशी भांडत नसेल. त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असेल.

दोषी आई ते सहउपचारक आई

पालकांच्या हाती उपचार देण्यामागे एक लांबचा आणि काहीसा लाजिरवाणा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्नतेचे खापर आईच्या थंड, मायाहीन वागणुकीवर फोडले जात असे. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने ही समजूत घरोघरी पोहोचवली. त्याआधी, १९६४ सालीच, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, या समजुतीला पुराव्यानिशी विरोध केला होता. नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी तर १९७१ च्या सुमारास पालकांना ‘सहउपचारक’ म्हणून कामात घेतले. दिवसभराचा क्रम चित्रांच्या पट्टीवर मांडून दाखवण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते, तिच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय त्यांच्या कार्यक्रमाकडे जाते.

दुसरीकडे इव्हार लोव्हास यांनी १९८७ साली दिलेले निष्कर्ष गाजले. एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तासांहून अधिक, दोन वर्षे किंवा जास्त, एकास एक शिकवल्यावर त्यांतली नऊ मुले सर्वसामान्य बुद्ध्यंक गाठून नेहमीच्या शाळेत पहिली पार करू शकली, असा तो दावा होता. त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि उपचारांत मोठ्याने दटावणे, प्रसंगी चापट मारणे हेही होते, या गोष्टी दाव्याबरोबर फारशा कोणी सांगितल्या नाहीत. आपल्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. आठवड्याला चाळीस तास देणारा तज्ज्ञ कर्जत-खालापूरच्या गावांत आणायचा कोठून? मुंबईला न्यायचे म्हटले तरी नेरळहून गाडीने जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. आणि गर्दीचा डबा हीच त्या मुलाची सर्वांत मोठी परीक्षा ठरते. तेव्हा पालकांना शिकवणे हा आपल्याकडे अनेकदा एकमेव शक्य मार्ग उरतो.

घरी नेमके काय करतात?

वर्तनोपचारातले मूळ सूत्र सोपे आहे. वर्तनाच्या आधी काय घडले, वर्तन काय होते आणि त्यानंतर काय घडले, हे तीन रकान्यांत लिहायचे. आठवडाभर असे लिहिले, की जे ‘उगीच’ वाटत होते त्यात आकृती दिसू लागते.

मग बदलाची तयारी. दिवसाचा क्रम चित्रांनी किंवा शब्दांनी एका पट्टीवर लावायचा आणि झालेले काम मुलानेच काढून ठेवायचे. या पट्टीत ‘बदल’ असे एक निराळे कार्ड असते. ते प्रथम आवडत्या गोष्टीसाठी वापरायचे : आज पोळीऐवजी घावन, आज अभ्यासाऐवजी झोपाळा. बदल म्हणजे संकटच असे नाही, हे मुलाच्या आधी अनुभवाला यायला हवे. त्यानंतर बदल अगदी लहान पायऱ्यांनी वाढवायचा. शाळेचा रस्ता बदलायचा असेल, तर पहिल्या दिवशी फक्त रस्त्याची बाजू बदलायची, मग एक वळण, मग एक गल्ली. आणि प्रत्येक पायरी पार झाली की लगेच कौतुक किंवा आवडीची वस्तू. यालाच प्रबलन म्हणतात. शिवाय मुलाला ‘थांब’, ‘मला भीती वाटते’, ‘पुढे काय?’ हे सांगण्याचे काही साधन द्यायचे, मग ते शब्द असोत, खूण असो वा कार्ड.

पट्टीचाही एक धोका आहे. ती रोज तंतोतंत पाळली, तर पट्टीच नवा रूळ बनते आणि गाडी तिच्यावरून घसरली की पुन्हा तोच आकांत. बदलाचे कार्ड यासाठीच असते, आणि घाईत बहुधा तेच विसरले जाते.

पुरावा काय सांगतो?

या विषयावरची एक भक्कम चाचणी अमेरिकेत झाली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. सहा केंद्रांतील तीन ते सात वर्षांच्या १८० मुलांच्या पालकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला २४ आठवडे वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाला तेवढ्याच काळात स्वमग्नतेविषयी माहिती मिळाली, पण वर्तन हाताळण्याच्या युक्त्या शिकवल्या नाहीत. पालकांनी नोंदवलेली चिडचीड पहिल्या गटात ४७.७ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या गटात ती ३१.८ टक्क्यांनी कमी झाली.

या दुसऱ्या आकड्यापाशी जरा थांबू या. केवळ माहिती मिळालेल्या घरांतही चिडचीड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली. मूल सहा महिन्यांनी मोठे झाले असेल, आईबापांना धीर आला असेल, मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलली असेल, किंवा चांगले काही घडावे या आशेने त्यांनी प्रश्नावली भरली असेल. ‘आमच्या उपचारांनी मुलांत निम्मा फरक पडला’ अशी जाहिरात जेव्हा एखादे केंद्र करते, तेव्हा त्या निम्म्यातला मोठा वाटा उपचाराविनाही पडला असता, हे ही चाचणी सांगते. उपचाराचा खरा हिशेब दोन आकड्यांतल्या अंतराचा असतो. विज्ञानाच्या तासाला नियंत्रित गट का हवा हे शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

मग उपचार निरुपयोगी का? तसे नाही. कोणते मूल कोणत्या गटातले हे ज्यांना माहीत नव्हते अशा तज्ज्ञांनीही मुले तपासली. त्यांच्या मते पहिल्या गटातील ६८.५ टक्के मुलांत, तर दुसऱ्यातील ३९.६ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा होती. प्रशिक्षणाचा उपयोग होतो. पण पालकांनी नोंदवलेल्या फरकाचे प्रत्यक्ष महत्त्व किती हे स्पष्ट नाही, असे खुद्द संशोधकांनीच लिहिले आहे.

आपल्या जवळचा पुरावा गोव्यातला आहे. ‘संगत’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गोव्यात व पाकिस्तानातील सहकाऱ्यांनी रावळपिंडीत मिळून एक चाचणी केली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले तीत होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण खास शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर काम केले. पालक आणि मूल खेळत असताना चित्रण करायचे आणि ते पालकांबरोबर बसून पाहायचे, ही त्यांची मुख्य रीत. आठ महिन्यांनी पालक मुलाच्या कलाने अधिक बोलू लागले होते आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करत होती. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ कमी झाला होता, आणि संशोधकांनी तेही दडवून ठेवले नाही. ही चाचणी संवादाची होती, दिनक्रमातल्या बदलाची नव्हे. तिच्यावरून बदलाविषयी थेट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण गावपातळीवरचा कार्यकर्ता हे काम नीट करू शकतो, एवढे तिने दाखवून दिले. नेरळसारख्या गावांसाठी हीच मोठी बातमी आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप मोजमापावर आहे. अमेरिकेतल्या त्या चाचणीत मुख्य मापे दोन होती : चिडचीड आणि सांगितलेले न ऐकणे. दोन्ही बाहेरून दिसणारी आणि मोठ्यांना त्रास देणारी. मूल ओरडायचे थांबले म्हणजे त्याची भीती गेली, असे या मापांवरून कळत नाही. त्या प्रशिक्षणाच्या अकरा मुख्य सत्रांचा क्रमही बोलका आहे. जाणीवपूर्वक दुर्लक्ष करणे सहावे, आज्ञापालन शिकवणे सातवे आणि मुलाला आपली गरज सांगायला शिकवणे आठवे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ज्याला ‘मला भीती वाटते’ हे सांगण्याचे साधन अजून मिळालेले नाही, त्याच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार आपल्याला नाही; कारण ते ओरडणे हेच त्याचे एकमेव वाक्य असू शकते. खाऊसाठी केलेला हट्ट आणि भीतीने झालेला आकांत हे बाहेरून सारखे दिसतात. पहिल्याकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरेल. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर मूल इतकेच शिकते की हाक मारून कोणी येत नाही. आम्हांला शांत दिसायला शिकवले, शांत व्हायला नव्हे, अशी तक्रार आज मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती करतात. ती उपचाराची निंदा म्हणून झटकून न टाकता चाचण्यांमध्ये न मोजलेली बाजू म्हणून ऐकायला हवी.

दुसरा आक्षेप ‘पालक’ या शब्दावर आहे. कागदावर पालक असतात. तीन रकान्यांची वही मात्र बहुधा आई भरते. स्वयंपाक, धाकटे मूल, पाणी, सासूबाईंचे औषध आणि त्यात रोज नव्या बदलाची एक पायरी. यश आले तर पद्धतीचे कौतुक होते; अपयश आले तर ‘तुम्ही घरी नीट करून घेत नाही’ असे ऐकावे लागते. ज्या दोषातून रिमलँड आणि शॉप्लर यांनी आईला सोडवले, तोच दोष मागल्या दाराने पुन्हा तिच्या पदरी येतो. पूर्वी ती रोगाचे कारण होती, आता बरे न होण्याचे. पालकांना शिकवणारा कोणताही कार्यक्रम आईचा दिवस किती तासांचा आहे हे आधी विचारत नसेल, तर तो अपुरा आहे.

तिसरा आक्षेप आपल्यावर, म्हणजे शाळेवर आहे. मुलाच्या आयुष्यातले बदल घडतात कोठे? घरी फार थोडे. वर्गशिक्षिका रजेवर जाते, बदली शिक्षक येतात. स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी तास बुडतो. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे रायगडच्या शाळांना सकाळीच सुट्टी जाहीर होते. निवडणूक लागली की वर्गात मतदान केंद्र येते. हे बदल आपण घडवतो आणि त्यांची सवय लावण्याचे काम मात्र आईकडे देतो. शिवाय घरी शिकलेली गोष्ट शाळेत आपोआप उतरत नाही, हे स्वमग्न मुलांच्या बाबतीत वारंवार दिसून आलेले आहे. तेव्हा पालकांच्या प्रशिक्षणाला शाळेची जोड नसेल, तर ते अर्ध्या वाटेवरच थांबणार.

फळ्याचा एक कोपरा

यासाठी खर्च नाही, तज्ज्ञही लागत नाही. फळ्याच्या एका कोपऱ्यात आजचे तास क्रमाने लिहावेत आणि झालेला तास खोडावा. बदल कळला की तो त्याच कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या खडूने लिहावा आणि त्या मुलाला जवळ जाऊन सांगावा : काय बदलले, किती वेळ, त्यानंतर पुन्हा काय. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. ‘आज खेळाचा तास नाही’ यापेक्षा ‘आज खेळाऐवजी गोष्ट, मग मधली सुट्टी नेहमीसारखी’ हे वाक्य मुलाला पुढच्या ओळखीच्या खांबापर्यंत नेते. घरी वापरतात तेच ‘बदल’ कार्ड शाळेतही असावे. आकांत झालाच तर त्या वेळी उपदेश करू नये. गर्दी हटवावी, आवाज कमी करावा, वाट पाहावी. शिकवणे नंतर.

या गोष्टी केवळ दयेच्या नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे. शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना वाजवी सोयी द्याव्यात, असे तो कायदा सांगतो. आपण उतार आणि रुंद दरवाजे यांनाच सोय समजतो. वेळापत्रकातला बदल आधी सांगणे हीसुद्धा एक सोयच आहे.

आणि ती एकाच मुलासाठी राहत नाही, असा अनुभव कोणत्याही वर्गात घेता येईल. पुढे काय आहे हे कळल्यावर वर्गातली इतरही मुले निवांत होतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, लोकल थांबल्या आणि पुढे काय हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा आपण सारेच काही काळ त्या रस्त्यावर बसलेल्या मुलाच्या जागी होतो. तेव्हा आपल्याला कोणी बक्षीस देऊन शांत करावे असे वाटत नव्हते. नक्की काय चालले आहे ते कोणीतरी नीट सांगावे, एवढेच हवे होते.

म्हणून पालकांच्या वर्तनोपचाराला विरोध नाही. त्याची कसोटी मात्र बदलायला हवी. मूल किती वेळा गप्प राहिले हे मोजण्याबरोबर त्याने किती वेळा ‘पुढे काय?’ असे विचारले आणि त्याला किती वेळा उत्तर मिळाले, हे मोजू या. नेरळच्या डोंगरात पाऊस कोसळायचा तो कोसळणारच, गाडी कधीतरी अचानक बंद पडणारच. तेव्हा खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाने खिडकी आपटून बंद न करता ‘आज गाडी नाही, उद्या विचारा’ एवढे म्हटले, तरी प्रवाशाला घरी परतायचा रस्ता सापडतो. वर्गातल्या त्या खिडकीशी आपण उभे आहोत.